चोथ्यातली हळद

हल्ली हळदीच्या दुधाचे गोडवे गाणारी माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, असं ती मला सांगतात. मला. मी मान डोलावते आणि विचारते, ते हळदीतून बाहेर कशात काढता? पाण्यात उकळलं तर फारसं येत नाही, दुधातल्या सायीत थोडं उतरतं, बाकीचं पेल्याच्या बुडाशी गाळ होऊन बसतं आणि ही मंडळी तोच गाळ मोरीत ओततात. गुण मोरीत आणि कौतुक पेल्याचं. हा प्रकार मी फार जवळून पाहिला आहे, आणि तेव्हा मोरीत नुसता गाळ गेला नव्हता.

आमचं गाव चौकच्या बाजूला, लोधिवलीच्या पलीकडे. घरची भातशेती. मी मुंबईला मावशीकडे राहून केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले. सत्तरीच्या दशकाचे शेवटशेवटचे दिवस होते ते, आणि आमच्या गावात बी.एस्सी. झालेली बाई म्हणजे दोन डोक्यांचं वासरू. लोक बघायला येत, पण गोठ्यात ठेवायची तयारी कुणाची नसे.

खालापूरहून खोपोलीकडे जाताना हमरस्त्याला लागूनच एका शेठची भाताची गिरण होती. शेठ म्हणजे कुणी बाहेरून आलेला व्यापारी नव्हे. आमच्यातलाच, चार पैसे अधिक झालेला, म्हणून शेठ. गिरणीत कोंडा निघायचा. त्या कोंड्यातून तेल काढायचा कारखाना त्यानं गिरणीच्या मागं घातला. हे तेल घाण्यावर निघत नाही. कोंड्यावर हेक्झेन सोडायचं, ते तेल ओढून घेतं, मग हेक्झेन उडवून परत गोळा करायचं आणि खाली तेल उरतं. हेक्झेन हे पेट्रोलचं सख्खं भावंड. कामगार त्याला पेट्रोलच म्हणत. ठिणगी पडली तर कारखाना थेट बोरघाटाच्या माथ्यावर जाऊन पडायचा.

शेठनं मला केमिस्ट म्हणून घेतलं ते माझ्या शिक्षणासाठी नाही. माझ्या आधीचा केमिस्ट विडी ओढायचा. "पोरगी बरी. पोरगी विडी ओढत नाय," असं त्यानं माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं. माझी सगळी पदवी त्या न ओढलेल्या विडीवर उभी होती.

तरीही मला ती नोकरी जिवापाड हवी होती. कारण घरी वडिलांचा शब्द होता. "नोकरी हाय तवर लगनाचं नाव काढनार नाय. नोकरी गेली की मंग माजं ऐकायचं." ऐकायचं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. कर्जतकडचा एक वीटभट्टीवाला. भट्टीला लागणारा भाताचा तूस तो आमच्या शेठच्याच गिरणीतून नेई, आणि स्थळ शेठनंच सुचवलं होतं. तो मला बघायला आला तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. आईनं ते पाहिलं, मी पाहिलं, वडिलांनी छपराकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "भट्टीच्या धगीत काम करतो. थोडी लागतेच." वर त्या घराची अट होती की त्यांच्या बाया नोकरी करत नाहीत. माझी नोकरी टिकली तर मी सुटणार होते, गेली तर त्या घरात जाणार होते, इतका सरळ हिशेब होता.

अशात मुंबईचा एक चिवडेवाला शेठकडे आला. त्याचा चिवडा डबाबंद होऊन दुकानांत जाई आणि पावसाळ्यात खवट होई. तेलाला हवा लागली की ते खवट होतं, ही काही नवी विद्या नाही. पण काही मसाल्यांत असं काहीतरी असतं जे हवेच्या आणि तेलाच्या मध्ये उभं राहतं, आणि हळदीत ते भरपूर असतं, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. चिवड्यात हळद घालतातच, तर हळदीचा अर्क का घालू नये? अक्कल होती त्याला. एक पावसाळा चिवडा टिकला तर कायमचं काम देतो, म्हणाला.

शेठ तिथल्या तिथं अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. कारखाना आहे, पेट्रोल आहे, पोरगी आहे, आता सांगलीहून हळद आणायची की झालं. मीही खुश होते, नाही कशाला म्हणू? हळदीचं काम उभं राहिलं असतं तर केमिस्टवाचून चाललं नसतं.

पहिला अर्क निघाला तो पातळ, मधासारखा, आणि वास असा की गेटवरचा वॉचमन आत येऊन गेला. शेठनं थेंब तळहातावर घेतला, चोळला, डोळे मिटले आणि हुंगला. आमच्याकडे सगळी पारख नाकानं होते. तांदूळ नाकानं, गूळ नाकानं, सुकी मासळी नाकानं. तिथपर्यंत ठीक आहे. पण शेठ रसायनशास्त्रही नाकानं करायचा, आणि वर नाकानं कांदे सोलायची सवय होतीच.

"वास बघ, वास," तो म्हणाला. "सगळा गुण उतरलाय हळदीचा."

मी बघत होते ते खाली पडलेल्या चोथ्याकडे. अर्क काढून झालेली हळद कारखान्याच्या मागं ओतली होती आणि ती जशीच्या तशी पिवळीधमक होती. उन्हात वरचा थर थोडा विटे, फावड्यानं उलटला की खाली पुन्हा पिवळा. ज्याला डोळे आहेत त्याला कळायला हवं होतं. पेट्रोलच्या जातीचं द्रावक तेलकट, वासाचं, उडणारं तेवढं ओढतं. हळदीचा पिवळा रंग, ज्याला पुस्तकात कर्क्युमिन म्हणतात, तो पेट्रोलला भीक घालत नाही. आणि तेलाची राखण करणारा खरा गडी तोच. शेठनं हळदीचं अत्तर काढलं होतं आणि हळद फेकून दिली होती.

तो पिवळा काढायला अल्कोहोल लागतं. माझ्या टेबलाच्या कपाटात त्याची बाटली होतीच, कारण कोंड्याच्या तेलाची आम्लता तपासायला ते वापरतात. शेठ त्याला 'टेस्टचं पाणी' म्हणायचा. मी थोड्या हळदीवर ते ओतलं, हलवलं, गाळलं, उडवलं. खाली उरलं ते दाट, तांबूस, बोटाला चिकटणारं, काढ्याच्या भांड्याच्या बुडासारखं. वास नावापुरता. पण त्याचा चोथा पांढुरका पडला होता, वाटीतली हळद उपास करून उठल्यासारखी दिसत होती.

मग मी तीन बाटल्यांत शेंगदाण्याचं तेल भरलं. एकात काही नाही, एकात पेट्रोलचा अर्क, एकात अल्कोहोलचा. तिन्ही ऊब असलेल्या कपाटात ठेवल्या, म्हणजे पावसाळाभर जे व्हायचं ते लवकर होतं. शेठ मात्र रोज विचारायचा, झालं का, झालं का. पी हळद आणि हो गोरी, ही म्हण त्याच्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

झालं तेव्हा मी तिन्ही बाटल्या त्याच्यापुढं ठेवल्या. साधं तेल हुंगून त्यानं तोंड वाकडं केलं. "खवट." बरोबर. पेट्रोलच्या अर्काची हुंगली. तीही खवटच होती, वर हळदीचा सुवास मारलेला, न अंघोळलेल्या माणसानं अत्तर लावावं तशी. शेठ म्हणाला, "ही फस्कलास." अल्कोहोलची बाटली त्यानं दोनदा हुंगली आणि माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं.

"याला तर वासच नाय."

"शेठ, वास नाही म्हणजेच खवट झालं नाही. तेच तर हवंय आपल्याला."

"वासच नाय तर घेनार कोन?"

मी दुसरी वाट धरली. शेठच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर हळदीचा डाग पडला होता, दिवसभर हळदीची पोती हुंगण्याचा पराक्रम. मी म्हटलं, हात पुढं करा. आधी पेट्रोलचा बोळा डागावर घासला. डाग हलला नाही. मग टेस्टच्या पाण्याचा बोळा घासला. डाग विरत गेला आणि कापसाचा बोळा पिवळाजर्द झाला. मी तो बोळा त्याच्या नाकाखाली नव्हे, डोळ्यांपुढं धरला. याहून स्वच्छ पुरावा मला आजही सुचत नाही. शाळेतल्या पोरालाही कळला असता.

शेठनं बाही उजेडाकडे धरून पाहिली. "साफ निघाला गं," तो म्हणाला. "आमच्या हिला सांगतो. काय म्हनतात याला?"

"अल्कोहोल," मी म्हटलं, आणि त्या एका शब्दावर माझं सगळं पाणी पालथ्या घड्यावर गेलं.

"दारू?"

"पिण्याची नाही, शेठ. परवान्यानं मिळते. खोपोलीतले मोठे कारखाने टाक्या भरून..."

"दारूच ना?" तो खुर्चीतून उठला. "हळद देवाला लागते. नवरीला लागते. सवाशिनीची वस्तू हाय ती. ती दारूत बुडवायची? माज्या कारखान्यात?"

"पेट्रोलमध्ये बुडवलेली चालते?"

"पेट्रोल काय कोन पितं? त्याला काय दोष?"

परवान्याची कटकट आहे, दारूबंदीचा साहेब दारात येऊन बसेल, कामगार टाकीला तोंड लावतील, असं काही तो म्हणाला असता तर मी समजू शकले असते. ती व्यवहाराची कारणं आहेत, त्यांवर वाट निघते. पण हळद बाटेल, यावर कुठली वाट काढणार? मी ॲसिटोनचं नाव काढून पाहिलं. तेही पिवळा रंग छान ओढतं, आणि ते कुणी पीत नाही. त्यानं विचारलं, ते कशापासून करतात. मी प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याकडे बहुतेक अल्कोहोलपासूनच. माझी ही प्रामाणिकपणाची खोड पुढेही गेली नाही. "म्हंजे दारूचीच लेक," शेठ म्हणाला आणि हात झटकून गिरणीकडे गेला. पेट्रोलच्या अर्काचे डबे चिवडेवाल्याकडे रवाना झाले.

इकडे चोथ्याचा डोंगर वाढत होता. शेठच्या लेखी त्यात काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं मोठ्या मनानं तो गावांना फुकट दिला. लग्नसराई होती. आमच्याकडे हळद म्हणजे नवरानवरीला बोट लावून संपणारी गोष्ट नाही. सगळं गाव एकमेकांना माखतं, आणि त्याला हळद लागते पाटीनं. बाया पाट्या भरभरून चोथा नेऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात चौकपासून खालापूरपर्यंत माणसं पिवळी झाली होती. अंगणं पिवळी, बैलांची शिंगं पिवळी. एका लग्नात एक म्हातारी म्हणाली की नवरीच्या अंगाला एसटी स्टँडचा वास येतोय, पण रंगाला कुणी नाव ठेवलं नाही. एसटीतून कामावर जाताना मी खिडकीतून ती पिवळी माणसं बघायची आणि दात आवळायची. माझा सगळा अर्क रस्त्यानं हिंडत होता.

पावसाळा सरता सरता चिवडेवाला आला. त्यानं बरोबर एक डबा आणला होता. त्यानं झाकण उघडलं. वर हळदीचा दरवळ, आणि लगेच त्याच्या मागून जुन्या पणतीतल्या तेलाचा वास. त्यानं एक मूठ शेठच्या हातावर ठेवली.

"खाऊन बघा. नुसतं हुंगू नका," तो म्हणाला.

मी कपाटातून तिसरी बाटली आणली. इतके महिने झाले होते, ते तेल अजून गोड होतं. चिवडेवाल्यानं बोट बुडवून चाखलं आणि विचारलं, हे का नाही पाठवलं? मी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "ते आमच्या धर्मात बसत नाय." चिवडेवाल्यानं तेलाचं बोट रुमालाला पुसलं. मग डबा तिथंच ठेवून गेला, आणि पुन्हा आला नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ठीकच. पण शेठनं जे अंगण निवडलं त्याचा राग मला आजही गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. पडवीत वडिलांबरोबर बसला. मी आत चुलीपाशी होते आणि मधे कुडाची भिंत, म्हणजे भिंत नाहीच.

"पोरगी हुशार हाय तुमची," तो म्हणाला. "पन हळदीला विटाळ चालत नाय. पोरीनं पाळलं नसंल."

मी वाट पाहिली. माझे वडील, ज्यांनी मला मुंबईला ठेवून शिकवलं, ते आता तरी म्हणतील की शेठ, तोंड सांभाळा. ते म्हणाले, "चहा घेनार ना?"

रात्रीच्या भाकरी थापताना आईनं हळूच विचारलं, "पाळलंस का गं?"

"कारखान्यात त्याची रजा मिळते का, आई?"

"तसं नाय गं. मी आपलं इचारलं."

एवढ्यावर माझी केमिस्ट्री संपली. हळदीचं काम बंद, म्हणून केमिस्ट बंद. कोंड्याच्या तेलाची तपासणी शेठ बाहेरून करून घेणार होता. वडिलांनी आपला शब्द पाळला होता, नोकरी होती तोवर लग्नाचं नाव काढलं नव्हतं. आता त्यांनी माझ्याकडून माझा शब्द मागितला. मी भांडले. जेवले नाही, बोलले नाही, मावशीला मुंबईला निरोप धाडला. मावशीचं उत्तर आलं की कारखान्यातून काढलेल्या मुलीला पुन्हा कोण घेणार, मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा. शहाणी माणसं सगळीकडे सारखीच असतात.

माझ्या हळदीला चोथाच आला. कारखान्याच्या मागं अजून ढीग पडून होता आणि शेजारणी पाट्या घेऊन गेल्या होत्या. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्यांनी हात राखला नाही. चेहरा, मान, हात, पाय, केसांची मुळंसुद्धा. मी पाटावर बसून होते आणि ज्या पिवळ्यासाठी मी वर्षभर डोकं फोडलं तो माझ्या अंगावर थापला जात होता. मला रडू आलं ते सासरी जायचं म्हणून आलं, असं सगळ्यांनी ठरवलं.

संध्याकाळी शेठ आला. स्थळ त्याचं, म्हणून मान त्याचा. त्यानं वाटीत बोट घालून माझ्या गालाला लावलं आणि सवयीप्रमाणं बोट नाकाशी नेलं.

"काय रंगलीय हळद," तो म्हणाला. "कुठली आनलीत?"

"तुमच्याच कारखान्यातली की," आई म्हणाली. "चोथा."

शेठची छाती फुगली. "बघा," तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "आमच्या चोथ्यातसुद्धा एवढा रंग."

"तोच डब्यात हवा होता, शेठ," मी म्हटलं. नवरीनं बोलायचं नसतं, मी बोलले.

तो हसला. वडिलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरीचं डोकं अजून कारखान्यातच हाय." आणि जेवायला बसला. त्याला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

सासरी पहिल्या सकाळी मी अंगणात बसून तळहात घासत होते. पाण्यानं काही होत नव्हतं, राखेनं नाही, साबणानं साल निघायची वेळ आली. नवरा रात्रीचा ओसरीवर आडवा पडला होता तो तसाच होता. त्याच्या उशाशी हातभट्टीची बाटली, बूच न लावलेली, अर्धी भरलेली. हळदीला दारू लागू नये म्हणून एवढं सगळं झालं, आणि हळद लागलेल्या मला मात्र सगळ्यांनी मिळून इथं आणून सोडलं होतं. शेठनं, वडिलांनी, आईनं, मावशीनं. त्यांतल्या एकालाही ते खटकलं नव्हतं.

मी बाटली उचलली, पदराचं टोक भिजवलं आणि तळहात पुसला. पदर पिवळा झाला. पण दारू गाळणाऱ्यानं तिच्यात पाणी फार घातलं होतं. रंग अर्धाच निघाला.